बंद दार आणि मोकळा होकार

ऐतिहासिक प्रणयकादंबरी म्हटली, की रसिकाच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक दालने उभी राहतात. समयांच्या मंद उजेडातला रंगमहाल, पडद्याआडची कुजबुज, मागील दाराने चिठ्ठी घेऊन येणारी दासी. बाहेर इतिहास घडत असतो आणि प्रीतीला मात्र चार भिंतींचा आडोसा हवा असतो, असे गृहीत धरूनच लेखक कथा रचीत असतात. या गृहीतकाला छेद देणारी एक कादंबरी आम्ही अलीकडे पुन्हा वाचली. ती म्हणजे आलेस्सांद्रो मान्झोनी या इटालियन लेखकाची 'इ प्रोमेस्सी स्पोझी', अर्थात 'वाग्दत्त वधूवर'. १८२७ साली ती प्रथम वाचकांच्या हाती आली आणि भाषेचे संस्करण होऊन १८४० ते १८४२ या काळात नव्याने निघाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१५ मध्ये वाङ्निश्चयाविषयी बोलताना तरुणतरुणींना ती वाचण्याची शिफारस केली होती.

कथा १६२८ साली स्पॅनिश अमलाखालील लोंबार्डीत सुरू होते. रेंझो आणि लुचिया ही रेशमाच्या धंद्यात राबणारी साधी माणसे. डॉन रॉद्रिगो या मुजोर सरदाराची लुचियावर वाईट नजर असते. त्याच्या गुंडांच्या धमकीला भिऊन गावचा धर्मगुरू डॉन आबोंदियो त्यांचे लग्न लावण्याचे टाळतो. येथून पुढे तीस-पस्तीस प्रकरणे या दोघांची ताटातूट चालते; पण प्रणयाच्या एकांताची खोली लेखक त्यांना कोठेही देत नाही. या कादंबरीत दार बंद झाले, की आत धाक असतो.

पहिली खोली खुद्द धर्मगुरूची. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली चोरट्या विवाहांना आळा घालण्यासाठी धर्मग्रामाचा धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती आवश्यक ठरवली. मात्र धर्मगुरूने स्वतः संमती विचारली पाहिजे, अशी अट तीत नव्हती. तो नुसता हजर असला आणि वधूवरांनी त्याच्यासमोर आपले शब्द उच्चारले, तरी विवाह वैध होई. ही पळवाट १९०८ पासून अमलात आलेल्या 'ने तेमेरे' या आदेशाने बुजवली. कादंबरीतील जोडप्याला मात्र तीच आशेची वाट वाटते. कर्ज फेडायला आलेल्या तोनियोच्या आडून दोघे रात्री धर्मगुरूच्या खोलीत शिरतात. रेंझो आपले वाक्य पुरे करतो. लुचियाच्या तोंडून शब्द निघतो न निघतो, तोच डॉन आबोंदियो मेजावरचे कापड तिच्या तोंडावर टाकतो, दिवा खाली पडतो आणि अंधारात सगळा बेत विस्कटतो. त्याच रात्री रॉद्रिगोचे गुंड लुचियाला पळवायला तिच्या घरात घुसतात, तेव्हा ते घर रिकामे असते. रेंझो येथे जुलूम करणारा दिसतो आणि प्रत्यक्षात जुलूम सोसणारा तोच आहे, हे लेखक स्वतः थांबून सांगतो. चांगल्या हेतूनेही दुसऱ्याच्या घरात चोरून शिरावे लागणे, हीच त्या राजवटीची खरी ओळख होय.

दुसरी खोली गेर्त्रूदेची. जन्मापूर्वीच उमराव बापाने तिला मठात धाडायचे ठरवलेले. बालपणी तिला बाहुल्यादेखील संन्यासिनींच्या वेषातल्याच मिळतात. घरातल्या एका हुजऱ्या पोराला लिहिलेली चिठ्ठी पकडली जाते आणि तिला खोलीत कोंडले जाते. एकटेपणाला कंटाळून ती क्षमा मागते, आणि बाप त्या क्षमायाचनेचाच मठप्रवेशाला होकार करून टाकतो. पुढे तिची इच्छा मोकळी आहे ना, हे विचारायला अधिकारी धर्मगुरू येतो. ही दक्षताही ट्रेंटनेच घालून दिलेली. तो एकांतात विचारतो आणि ती खोटे उत्तर देते, कारण खोलीबाहेर थांबलेला बाप तिच्या मनाबाहेर गेलेलाच नसतो. या पात्रामागे मोन्झाची मारियान्ना दे लेय्वा ही खरी संन्यासिनी आहे. तिच्या अपराधांसाठी १६०८ पासून १६२२ पर्यंत तिला भिंतीने बंद केलेल्या कोठडीत ठेवण्यात आले होते. पहिल्या खर्ड्यात मान्झोनीने तिचे अधःपतन विस्ताराने लिहिले होते. छापताना त्याने ते एका छोट्या वाक्यात आटोपले. कोणते दार वाचकापुढे उघडू नये, हे जाणणारा हा लेखक आहे.

तिसरे स्थळ किल्ल्याचे. पळवून आणलेली लुचिया कोंडलेल्या खोलीत भयाने आजन्म कौमार्याचे व्रत पवित्र मरियेला वाहते. त्याच रात्री, त्याच किल्ल्यात, तिला आणवणारा निनावी सरदार आपल्या शयनगृहात पिस्तूल हाती घेऊन तळमळत असतो. लुचियाच्या विनवणीतले शब्द त्याला वाचवतात. पण लुचियाच्या व्रताचे काय? १६३० च्या प्लेगमध्ये, मिलानच्या रोगनिवासातील एका झोपडीत, मरणासन्नांच्या कण्हण्यात फादर क्रिस्तोफोरो तिला विचारतो: व्रत घेताना तू दुसऱ्याला दिलेल्या वचनाचे भान ठेवले होतेस का? आणि चर्चच्या अधिकाराने तो तिला त्यातून मुक्त करतो. तेथे ना धड दार, ना एकांत; आणि तेथेच प्रथम एका स्त्रीला तिचे मन खऱ्या अर्थाने विचारले जाते.

कादंबरीत उणीव आहेच. लुचियाच्या अंतरंगाचे दारही लेखक पुष्कळदा बंदच ठेवतो. रेंझो आपल्याला जितका कळतो, तितकी ती कळत नाही. तरीही मान्झोनीचे म्हणणे आमच्या कुटुंबांनी मनावर घ्यावे असे आहे. विवाहापूर्वी वधूवरांना धर्मग्रामाच्या कार्यालयात वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले जातात. आपण तो कागदपत्रांचा एक सोपस्कार मानतो. त्या खोलीबाहेर बाकावर बसलेले आईबाप आपणच असतो. आत दिलेला होकार मुलीचा की आपला, याचे उत्तर त्या दिवशी ठरत नसते. घरात तिला आजवर किती वेळा नकार देता आला, त्यावर ते ठरते.