द्विधातुक उत्प्रेरक आणि संकेतवृद्धीचे आकडे

चुंबकीय अनुस्पंदनाचा संकेत दुर्बळ असतो, हे या पद्धतीचे जुने शल्य होय. ९.४ टेस्लाच्या क्षेत्रात, सामान्य तापमानाला, १० लाख प्रोटॉनांमागे अवघ्या ३२ प्रोटॉनांचे आधिक्य संकेतास उपयोगी पडते. १९८६ साली बोअर्स व वाइटेकँप यांनी यावर एक मार्ग प्रतिपादिला. पॅराहायड्रोजनचे दोन्ही अणू जोडीनेच एखाद्या असंपृक्त रेणूस मिळाले, तर त्यांची स्पिन-व्यवस्था नव्या संयुगात उतरते व संकेत अनेक पटींनी वाढतो. परंतु धातूच्या पृष्ठावर नेमकी हीच जोडी फुटते. सुटे झालेले अणू भटकतात आणि परक्या अणूंशी जोड्या जमवितात.

द्विधातुक नॅनोकणांचे महत्त्व येथे आहे. प्लॅटिनमशी कथिलाचा संयोग घडविला म्हणजे तीन प्लॅटिनम-अणूंनी वेढलेली स्थाने नाहीशी होतात व हायड्रोजनच्या भटकण्यास आळा बसतो. याच बोअर्स यांनी हुआंग प्रभृतींसह २०१७ साली, सच्छिद्र सिलिकाच्या कवचातील अशा कणांवर, जोडीने होणाऱ्या संयोगाचे प्रमाण निव्वळ प्लॅटिनमच्या ३,००० पट झाल्याचे नोंदविले. कार्यकारणाची संगती लावणारे हे संशोधन निःसंशय मोलाचे आहे.

तथापि ‘पट’ हा भागाकार आहे, आणि छेद लहान असला की भागाकार आपोआप फुगतो. प्लॅटिनमवरील मूळ प्रमाणच अत्यल्प असेल, तर ३,००० या आकड्यावरून प्रत्यक्ष प्रमाण किती, हे कळत नाही. संकेतवृद्धीचेही तसेच. एक टक्का ध्रुवण ९.४ टेस्लाला सुमारे ३१० पट वृद्धी दाखविते. तेच ध्रुवण १.४ टेस्लाला २,००० पटींच्या वर दिसते. उत्प्रेरक मात्र तोच! शिवाय जोडी टिकली, पण संयुगच थोडे निपजले, तर एकूण संकेत तोकडाच राहणार.

हा विवेक सातारा-सांगलीकडील अभ्यासकास विशेष अगत्याचा आहे. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरला जाणारा द्रव नायट्रोजन आपल्या भागास नवा नाही. त्याच्या ७७ केल्विन तापमानाला, योग्य उत्प्रेरकाच्या साहाय्याने, सुमारे ५० टक्के पॅराहायड्रोजन मिळू शकतो. जवळजवळ शुद्ध वायूसाठी मात्र २० केल्विनपर्यंत उतरावे लागते. सामान्य हायड्रोजनमध्ये मुळातच २५ टक्के पॅराहायड्रोजन असल्यामुळे, ५० टक्क्यांचा वायू शुद्ध वायूच्या केवळ एक-तृतीयांश फळ देतो. येथील विद्यार्थ्याचा उत्प्रेरक परदेशी उत्प्रेरकाच्या तोडीचा असूनही त्याचा आकडा तिपटीने उणा दिसेल, आणि परीक्षक दोष उत्प्रेरकास देईल.

म्हणून प्रबंधात ‘इतक्या पटींनी वृद्धी’ एवढेच लिहून थांबू नये. चुंबकीय क्षेत्र, पॅराहायड्रोजनचे प्रमाण, रूपांतराची टक्केवारी, जोडीने झालेल्या संयोगाचे प्रमाण आणि प्रत्यक्ष ध्रुवण, ही पाच अंगे मांडावीत. त्यांवाचून दोन उत्प्रेरकांची तुलना ही तुलनाच नव्हे.