अग्रगामी कोण? : वाहनमालिकेच्या उपपत्तीची मर्यादा

एकामागोमाग जाणाऱ्या वाहनांचा विचार करताना सुट्या वाहनाकडे न पाहता वाहनावाहनांमधील संबंधाकडे पाहावे, ही वाहनमालिकेच्या उपपत्तीची मूळ दृष्टी होय. पाइप्स यांनी १९५३ मध्ये आणि चँडलर, हर्मन व माँट्रोल यांनी १९५८ मध्ये तिला गणिती रूप दिले. अनुगामी वाहन आपला वेग अग्रगामी वाहनाच्या वेगाशी जुळवू पाहते. मात्र हा प्रतिसाद काहीसा विलंबाने घडतो. प्रतिसादाची तीव्रता आणि विलंब यांचा गुणाकार अर्ध्याहून अधिक झाला, की पुढच्याने किंचित कमी केलेल्या वेगाचा परिणाम मागे जाताना क्षीण न होता वाढत जातो. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी चालविल्या. मार्गात कोणताही अडथळा नसता कोंडी उत्पन्न झाली व ती उलट दिशेने सरकत राहिली. कोंडीचे कारण एकट्या चालकाच्या स्वभावात न शोधता रचनेत शोधणे, हे या उपपत्तीचे निर्विवाद श्रेय आहे.

विलंब कमी करण्याचा उपाय म्हणजे वाहनांनी आपली गती परस्परांस रेडिओसंदेशाने कळविणे. १९९७ मध्ये अमेरिकेत सान दिएगो येथे आठ मोटारींची अशी मालिका यशस्वीपणे चालवून दाखविण्यात आली.

तथापि या सर्व विवेचनात एक गृहीतक दडलेले आहे. प्रत्येक वाहनाचा अग्रगामी एकच असतो व तो आधीच ठरलेला असतो, असे येथे मानलेले आहे. वाक्यातील प्रत्येक शब्द केवळ त्याच्या लगतच्या पूर्वशब्दावर अवलंबून असतो, असे मानणाऱ्या व्याकरणासारखेच हे आहे. असे व्याकरण भाषेला अपुरे पडते, हे चॉम्स्की यांनी १९५७ मध्येच दाखविले होते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे गृहीतक बरेचसे टिकते. कारण तेथे मार्गिका आखलेल्या आहेत आणि दुचाकींना मज्जाव आहे. हाच मार्ग सोडून कर्वे रस्त्यावर यावे, म्हणजे चित्र पालटते. पुण्याच्या वाहतुकीत दुचाकी बहुसंख्य आहेत. दोन मोटारींत राखलेले सुरक्षित अंतर दुचाकीस्वाराला मोकळी वाट वाटते. तो त्यात शिरताच मागील मोटारीचा अग्रगामी बदलतो. ती वेग आवरते, पुन्हा अंतर निर्माण करते, आणि ते अंतरही भरून निघते. येथे गणित चुकत नाही. गणिताचा विषयच बदललेला असतो.

अशा प्रवेशाला 'विक्षोभ' म्हणण्याची प्रथा त्यामुळे तपासून पाहणे अगत्याचे आहे. ज्या रस्त्यावर दुचाकीच अधिक, तेथे तिला विक्षोभ म्हणणे म्हणजे बहुजनांच्या बोलीला अपभ्रंश ठरविणे होय. लक्ष्य पाहून लक्षण करावे, हा व्याकरणाचा जुना दंडक येथेही लागू पडतो. ही निव्वळ शब्दाची तक्रार नव्हे. नियंत्रकाला जो विक्षोभ म्हणून शिकविला जातो, तो प्रत्यक्षात हाडामांसाचा माणूस असतो. आणि त्याच्या वागण्याचा अंदाज बांधण्याऐवजी केवळ त्याचा परिणाम शमविण्याचे काम यंत्राकडे सोपविले जाते.

मिश्र वाहतुकीवर भारतीय संशोधकांनी काम केलेले आहे. त्या दिशेने जाताना पुढील अंतराइतकेच बाजूचे अंतरही चल राशी म्हणून स्वीकारले पाहिजे, आणि अग्रगामी कोण हा प्रश्न सिद्धांताच्या आरंभी न मिटवता त्याच्या पोटात घेतला पाहिजे. तोवर मालिकेच्या स्थैर्याचा दावा मार्गिकाबद्ध रस्त्यापुरताच मर्यादित ठेवणे न्याय्य ठरेल.