अनुभवाची मोजदाद : 'डिस्को एलिझियम'मधील गुणव्यवस्था आणि रहस्यकथेचा रूपबंध

रहस्यकथेच्या अभिजात रूपबंधात तपास करणारा नायक बदलत नाही. एडगर अ‍ॅलन पो यांच्या १८४१ सालच्या कथेतील द्युपँ आरंभी जितका कुशाग्र असतो, तितकाच तो अखेरीसही असतो. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये या प्रकाराची मीमांसा करताना गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा असे तिचे दोन स्तर वेगळे केले. दुसऱ्या स्तरावरील पात्रे कृती करीत नाहीत, ती केवळ जाणून घेतात. तपास करणाऱ्याला तर कोणतीही इजा संभवत नाही. म्हणजेच त्याला माहिती मिळते, परंतु ज्या अर्थाने कादंबरीच्या नायकाला अनुभव येतो, त्या अर्थाने त्याला अनुभव येत नाही.

याउलट, भूमिका धारण करून खेळावयाच्या खेळांची परंपरा नायकाच्या वाढीवरच उभी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या १९७४ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये दुर्बल नायक राक्षस मारतो, खजिना मिळवतो, त्याबद्दल त्याला 'अनुभवगुण' मिळतात आणि तो वरच्या पायरीवर चढतो. हा संकेत पुढे संगणकीय खेळांनी उचलला. तेव्हा तपासकथा आणि गुणव्यवस्था एकत्र आल्या की, न बदलणारा नायक आणि सतत वाढणारा नायक यांच्यात विरोध निर्माण होणे अटळ ठरते. एस्टोनियन कादंबरीकार रॉबर्ट कुर्विट्झ यांच्या नेतृत्वाखाली रचला गेलेला 'डिस्को एलिझियम' (२०१९) हा खेळ या विरोधालाच आपला आशय बनवतो, म्हणून तो साहित्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

खेळाची व्यवस्था थोडक्यात अशी आहे. रेव्हाशोल या कल्पित शहरातील एका वसतिगृहामागे झाडाला टांगलेल्या प्रेताचा तपास एका पोलीस अधिकाऱ्याकडे आहे. मद्याच्या अतिरेकाने त्याची स्मृती पुसली गेली आहे. बुद्धी, मन, शरीरबळ आणि हालचालींवरील ताबा अशा चार मूलशक्ती आणि प्रत्येकीची सहा अशी एकूण चोवीस कौशल्ये त्याच्या ठायी आहेत. संवाद, शोध आणि लहानमोठी कामे यांतून अनुभवगुण मिळतात. शंभर अनुभवगुणांचा एक कौशल्यगुण होतो. कसोटीच्या क्षणी दोन फासे पडतात, त्यांच्या बेरजेत कौशल्याचा आकडा मिळवला जातो आणि ती बेरीज काठिण्याच्या आकड्याशी ताडली जाते. दोन्ही फाशांवर सहा पडले तर यश निश्चित, दोन्हींवर एक पडला तर अपयश निश्चित.

मराठी वाचकाला येथे एका शब्दातील द्व्यर्थ जाणवल्यावाचून राहत नाही. 'गुण' म्हणजे परीक्षेत मिळणारा आकडा आणि 'गुण' म्हणजे अंगचा स्वभावविशेष. सर्वसाधारण खेळांत पहिल्या अर्थाचे गुण साठले की दुसऱ्या अर्थाचे गुण वाढतात, असे गृहीत धरलेले असते. 'डिस्को एलिझियम' हे गृहीतक मोडून काढतो. येथील कौशल्ये ही निमूट साधने नाहीत, ती बोलणारी पात्रे आहेत. तर्क, समानुभूती, नाट्य, अधिकार, ज्ञानकोश हे सारे नायकाच्या मनात परस्परांशी वाद घालतात. एखाद्या कौशल्याचा आकडा वाढला की त्याचा आवाजही वाढतो. तो खराच बोलेल याची मात्र हमी नसते. ज्ञानकोश वाढला तर तपासाशी संबंध नसलेली माहिती कानी पडत राहते. व्यसनांशी निगडित कौशल्य वाढले तर नायकाला पुन्हा नशेकडे ओढणारा सूर प्रबळ होतो. क्लास्ये या संशयित स्त्रीच्या चौकशीत तर इच्छाशक्तीच बजावते, की इतर आवाज तिला वश झाले आहेत आणि त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. थोडक्यात, कौशल्य म्हणजे वाचनाची एक पद्धती आणि म्हणून एक पूर्वग्रह. गुण वाढवणे म्हणजे अधिक अचूक होणे नव्हे, तर विशिष्ट दिशेने कलणे होय. अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना येथे आकड्यांच्या द्वारा सिद्ध झालेली दिसते.

असे असले तरी, या व्यवस्थेच्या मुळाशी असलेली अडचण दृष्टिआड करता येत नाही. वॉल्टर बेंजामिन यांनी क्षणिक, आघातरूप अनुभव आणि कालौघात मुरून परंपरेशी जोडला जाणारा अनुभव यांत भेद केला होता. मराठी समीक्षेनेही 'अनुभव' ही संज्ञा वापरताना त्याच्या पृथगात्मतेवर वारंवार भर दिला आहे. अनुभवगुणांना ही पृथगात्मता नाही. एका विधवेला पतीच्या मृत्यूची वार्ता सांगून मिळालेले गुण आणि एखादे किरकोळ काम उरकून मिळालेले गुण एकाच खात्यात जमा होतात, आणि त्यांतून कोणतेही कौशल्य वाढवता येते. कोणत्या अनुभवातून कोणते कौशल्य आले, याचा दुवाच तुटतो. इतकेच नव्हे, तर पुन्हा प्रयत्न करता येण्याजोगी कसोटी एकदा हुकली की ती बंद होते आणि त्या कौशल्यात गुण घातला की पुन्हा खुली होते. परिणामी खेळणारा गुण राखून ठेवतो आणि अपयश आल्यावर खर्च करतो. अनुभव हा येथे शिकण्याचा परिपाक न राहता चलन बनतो. ज्या खेळाच्या कर्त्यांनी २०१९ च्या पुरस्कार-सोहळ्यात मार्क्स आणि एंगेल्स यांचे आभार मानले, त्याच खेळाच्या पोटात सर्व अनुभवांना एका विनिमयमूल्यावर आणणारी ही व्यवस्था नांदते, ही विसंगती लक्षणीय आहे.

या विसंगतीची जाणीव संहितेला आहे काय? दोन ठिकाणी ती असल्याचे दिसते. नायक आपल्या 'विचारांच्या कपाटात' कल्पना ठेवतो; त्या मुरेपर्यंत बहुधा त्याचे नुकसानच होते आणि मुरल्यावर काय हाती येईल हे आधी कळत नाही. कपाटातील नवा कप्पा उघडण्यास एक कौशल्यगुण लागतो, आणि मुरलेला विचार काढून टाकण्यासही एकच. ज्याने आपले सारे आयुष्य विसरून कथेत प्रवेश केला, त्याच्यासाठी विस्मरणाचीही किंमत मोजावी लागणे हे अर्थपूर्ण आहे. संचयाच्या यंत्रणेत येथे काळ आणि हानी यांचा शिरकाव होतो.

दुसरे ठिकाण शेवटाचे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये घालून दिलेल्या नियमांपैकी पहिला असा, की गुन्हेगार कथेच्या पूर्वार्धातच वाचकाला भेटलेला असावा. येथे खुनी अखेरीस, एका ओसाड बेटावर, प्रथमच समोर येतो. गुण कितीही साठवले आणि कोणत्याही कौशल्यात घातले, तरी खुनी तोच राहतो. पराभूत क्रांतीचा तो एकाकी अवशेष आहे. कपाटासारखी कोणतीही सोय त्याला लाभलेली नाही. त्याचा अनुभव केवळ साचून राहिला आहे आणि कोणाच्याही उपयोगी पडलेला नाही. नायकाच्या खात्यातील आकडे त्याच्यासमोर निरर्थक ठरतात, आणि उरते ती ऐकून घेण्याची क्षमता.

गुणव्यवस्था पूर्णतः नाकारणे या खेळाला साधलेले नाही. कदाचित खेळ म्हणून त्याला ते शक्यही नव्हते. परंतु रहस्यकथेच्या न बदलणाऱ्या नायकाला त्याने भंगुर केले आणि वाढीच्या आकड्याला संशयास्पद केले. मोजता येणारी वाढ आणि अंगी मुरणारे शहाणपण यांतील अंतर त्याने मोजणीच्याच साधनाने उघड केले, हे त्याचे वाङ्मयीन श्रेय मानावयास हवे.