झाकलेली भाषा, उघडी बाराखडी

शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतीत लिस्पचे नाव कानावर आलेच, तर ते ड्रॉइंग ऑफिसात. ऑटोकॅडमध्ये १९८६पासून ऑटोलिस्प आहे. पण ही संगणकभाषा मुळातून शिकू पाहणाऱ्याला सल्ला मिळतो तो वेगळा : मुक्तस्रोत प्रकल्पांत एखाद्या कामापुरत्या घडवलेल्या छोट्या भाषा वाचा. हा सल्ला अपुरा आहे, असे माझे मत आहे.

जॉन मॅकार्थी यांच्या १९५८मधल्या कामातून उभ्या राहिलेल्या लिस्पमध्ये आज्ञा आणि माहिती, दोन्ही कंसांतल्या याद्याच असतात. त्यामुळे ‘मॅक्रो’ एका यादीतून दुसरी यादी घडवतो आणि कामाला साजेसे व्याकरण बेतता येते.

उदाहरण घेऊ इमॅक्स या संपादकाचे. त्यात निरनिराळ्या लिप्या टंकित करण्यासाठी ‘क्वेल’ ही व्यवस्था आहे. फ्रेंचच्या फाइलीत नुसत्या जोड्या दिसतात : अमुक कळा, तमुक अक्षर. बाकीचे सारे मॅक्रो पाहतो. ही कामापुरती भाषा उत्तम आहे; म्हणूनच शिकणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. लिस्प झाकणे हेच तिचे यश. जोड्या गिरवणारा जोड्याच शिकतो.

तैची कावाबाता या जपानी लेखकाच्या नावावर असलेल्या भारतीय लिप्यांच्या फाइली इतक्या नीटनेटक्या नाहीत. तिथे स्वरांचा तक्ता आहे, व्यंजनांचा आहे. ‘आ’शेजारी काना, ‘इ’शेजारी वेलांटी; ‘अ’शेजारी मात्र ‘निल’, म्हणजे रिकामी जागा. प्रत्येक व्यंजनाला प्रत्येक स्वर जोडत एक फंक्शन बाराखडी तयार करते. बंगाली, गुजराती, कन्नड याच साच्यातून निघतात.

व्यंजनात ‘अ’ मुरलेलाच असतो, त्याला वेगळे चिन्ह नसते, हे आपण पहिलीत गिरवले. त्यामुळे ‘निल’ म्हणजे चूक नव्हे, ते लिपीचे व्याकरण आहे, हे मराठी वाचकाला कुणी सांगावे लागत नाही. विषय आधीच ठाऊक असल्याने सारे लक्ष यंत्रणेकडे देता येते : यादीवर यादी कशी फिरते, तक्ता आणि कृती वेगळी का ठेवली.

भाषा म्हणून फ्रेंचची फाइल सरस. धडा म्हणून देवनागरीची. घरी शिकणाऱ्याने नावाजलेला नमुना शोधण्यापेक्षा ज्याचा विषय आपल्या अंगवळणी पडला आहे, असा नमुना आधी उघडावा. मॅक्रोचे कौतुक त्यानंतर.