शांतता आणि शांती : बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील पत्राची संबोधनरीती

मराठीत ‘शांतता’ आणि ‘शांती’ हे दोन शब्द आहेत आणि ते सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शांततेचा भंग होतो व त्याबद्दल खटला भरता येतो. शांतीचा असा भंग कोणत्याही कायद्यात नोंदलेला नाही. डोंगरावरील प्रवचनात ज्यांना धन्य म्हटले आहे ते मराठी बायबलमध्ये शांती करणारे आहेत. इंग्रजीला या दोन्ही अर्थांसाठी एकाच शब्दावर भागवावे लागते. मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) यांचे एप्रिल १९६३ मधील ‘बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र’ हा त्या एका शब्दाच्या मालकीविषयीचा वाद आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

वादाचा प्रसंग परिचित आहे. निदर्शनांना मनाई करणारा न्यायालयाचा आदेश मोडल्यामुळे किंग यांना १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अटक झाली. त्याच सुमारास अलाबामातील आठ गौरवर्णी धर्माचार्यांचे एक निवेदन वृत्तपत्रात आले. त्यांच्यापैकी सात ख्रिस्ती व एक यहुदी रब्बी होते. निदर्शने अविचारी व अवेळी आहेत, ती काही अंशी बाहेरच्यांच्या पुढाकाराने चालली आहेत, न्याय हवा असेल तर तो न्यायालयात व वाटाघाटींत मागावा, असा निवेदनाचा आशय होता. पोलिसांच्या संयमाचे त्यात कौतुक होते. किंग यांचे नाव मात्र नव्हते. हे अनुल्लेखन बोलके आहे. ज्याला नावाने संबोधिले गेले नाही, तोच उत्तर देताना आठही जणांना ‘धर्मबंधू’ म्हणून संबोधितो.

किंग यांनी स्वतःच नमूद केल्याप्रमाणे हे लेखन त्या वृत्तपत्राच्या समासात सुरू झाले, एका कृष्णवर्णीय कैद्याने पुरविलेल्या कागदाच्या तुकड्यांवर पुढे गेले आणि वकिलांनी आणलेल्या वहीत पूर्ण झाले. पुस्तकात समाविष्ट करताना आपण भाषेवरून हात फिरविला, हेही त्यांनी लपविलेले नाही. म्हणजे आज वाचली जाणारी संहिता कोठडीतील उत्स्फूर्त उद्गार व लेखकाचे संस्करण यांच्या संयोगातून सिद्ध झाली आहे. तिला केवळ ‘दस्तऐवज’ मानणारे वाचन त्यामुळे अपुरे पडते.

पत्ररूपाची निवड हा या संहितेचा गाभा आहे. तुरुंगातून मंडळ्यांना लिहिणे ही पौलाची परंपरा. १९५६ साली एका प्रवचनात किंग यांनी पौलाच्या नावाने अमेरिकन ख्रिस्ती जनांस काल्पनिक पत्र लिहिले होते. बर्मिंगहॅममध्ये ती कल्पना वस्तुस्थिती झाली. आपण बाहेरचे कसे, या आक्षेपाला ते मासेदोनियाच्या हाकेला धावून गेलेल्या पौलाचा दाखला देतात. तथापि पौलाच्या बंदिवासातील पत्रांत फिलेमोनास लिहिलेलेही एक आहे. त्यात अनेसिम या दासास बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती आहे. निर्णय मात्र धन्याच्या सद्भावनेवर सोडला आहे. अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी पळालेले दास परत पाठविण्यासाठी याच पत्राचा आधार घेतला. किंग यांचे पत्र या पार्श्वभूमीवर वाचले की त्यातील ताण लक्षात येतो : स्वर पौलाचा आहे, पण धन्याच्या सवडीवर काहीही सोडलेले नाही. सत्ताधारी सवलती आपण होऊन देत नाहीत, हे प्रतिपादन फिलेमोनाच्या पत्राला दिलेले उशिराचे उत्तर वाटते.

या सवडीचा प्रश्न पत्रातील सर्वांत दीर्घ वाक्यात वाक्यरचनेचे रूप घेतो. ‘जेव्हा’ने सुरू होणारी उपवाक्ये एकामागून एक येत राहतात : झुंडबळी, पोलिसांची क्रूरता, करमणूक उद्यानात आपल्याला का जाता येत नाही असे विचारणारी सहा वर्षांची मुलगी, प्रवासात कोणतेही निवासगृह थारा देत नाही म्हणून मोटारीत काढलेल्या रात्री. मुख्य वाक्य लांबणीवर पडत जाते. ‘थांबा’ म्हणणाऱ्या वाचकाला थांबणे म्हणजे काय, याचा अनुभव व्याकरणच देते. ‘जेव्हा–तेव्हा’ची जोडी मराठीला सहज असल्याने हे वाक्य अनुवादात फारसे अडत नाही, पूर्णविराम देऊन ते तोडण्याचा मोह अनुवादकाला आवरावा लागतो एवढेच.

यानंतर किंग मवाळांकडे वळतात आणि येथे मराठी अभ्यासकाला दुसरी एक संहिता आठवल्यावाचून राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हेही मवाळ सुधारकांसाठीच सिद्ध झाले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यातील मजकूर मानवला नाही, परिषद रद्द झाली आणि १९३६ साली आंबेडकरांनी ते स्वतः छापले. दोन्ही लेखने ज्यांना उद्देशून आहेत ते शत्रू नाहीत. सुधारणा मान्य असूनही तिच्या वेळेविषयी वा किमतीविषयी कचरणारे ते सहप्रवासी आहेत. फरक धर्मग्रंथाशी असलेल्या नात्याचा आहे. किंग आमोस, पौल व येशू यांच्या साक्षी काढून सांगतात की तुमच्याच ग्रंथाने तुम्हांला दोषी ठरविले आहे. आंबेडकरांच्या मते दोष ग्रंथप्रामाण्यातच आहे. ते हटल्याशिवाय जात हटणार नाही. किंग घरातून बोलतात. आंबेडकरांनी येवल्याच्या १९३५ च्या घोषणेने उंबरठा ओलांडायचे आधीच ठरविले होते. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरनंतर मराठीत कृष्णवर्णीय व दलित साहित्याची तुलना रूढ झाली. तिचा भर नकार व विद्रोह यांवर राहिला आणि श्रद्धेतून उपजलेल्या या गद्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. त्याचे कारण या फरकात असावे.

परंतु घरातून बोलणाऱ्याची एक सोय असते आणि किंग यांनी ती घेतली आहे. आठ जणांचा ते एकच चेहरा करतात. पत्रात एर्ल स्टॉलिंग्ज यांनी कृष्णवर्णीयांना उपासनेत प्रवेश दिल्याचा गौरवपूर्ण उल्लेख येतो, पण तो ओझरताच. एस. जोनाथन बास यांनी २००१ च्या ग्रंथात या आठ जणांची स्वतंत्र चरित्रे तपासली, तेव्हा त्यांच्यापैकी काहींना वंशभेदवाद्यांचा रोषही सोसावा लागला होता, हे पुढे आले. त्याने किंग यांचा युक्तिवाद ढळत नाही. दोन्ही बाजूंनी दडपणाखाली असलेला माणूस शांततेलाच शांती का समजतो, हे मात्र त्यातून कळते. आंबेडकरांनी १९३७ च्या आवृत्तीत गांधीजींचे ‘हरिजन’मधील प्रतिपादन आणि त्याला आपले उत्तर एकत्र छापले. बर्मिंगहॅमचे पत्र मात्र अनेक संकलनांत धर्माचार्यांच्या निवेदनाविना येते, आणि समासातल्या मजकुरापाशी वृत्तपत्राचा मूळ मजकूर उरत नाही.