हृदयोपचारानंतरची दुसरी शस्त्रक्रिया : ‘फिटनेस’ या संकल्पनेची चिकित्सा

डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाने मराठी वाचकास हृदयरोगाकडे पाहण्याची दृष्टी दिली. परंतु उपचार झालेल्या रुग्णास पुढे हर्निया वा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करावी लागल्यास काय, या प्रश्नाकडे आपले आरोग्यलेखन क्वचितच वळते. सोलापूर वा लातूरहून स्टेंट बसवून आलेला धाराशिव जिल्ह्यातील रुग्ण तेव्हा केवळ ‘फिटनेस’ची चिठ्ठी मागतो. ही चिठ्ठी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते, हाच तिचा मूलभूत दोष होय. औषधयुक्त स्टेंटनंतर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया साधारणतः ६ महिने, आणि स्टेंट झटक्यानंतर बसविला असल्यास १२ महिने पुढे ढकलावी, असा संकेत आहे. मोतीबिंदूसाठी मात्र रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. त्या परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. (खेड्यात हे सर्रास घडते, हे कोण नाकारील?) शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट अँजिओप्लास्टी करणे हाही उपाय नव्हे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कार्प’ या अमेरिकी अभ्यासात, रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी स्थिर हृदयरुग्णांवर अँजिओप्लास्टी वा बायपास केल्याने त्यांचे दीर्घकालीन मृत्युप्रमाण घटले नाही. चिठ्ठीवर स्टेंटचा प्रकार, तो बसविल्याची तारीख, चालू गोळ्या आणि रुग्ण न थांबता दोन जिने चढतो किंवा नाही, एवढी नोंद असली तरी भूलतज्ज्ञाला तिचा उपयोग होईल.