पंचगंगेकाठचा सागरदेव

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या मुलाने ग्रीक-रोमन शिल्पकलेचा अभ्यास करायचे मनात आणले, तर घरची वडीलधारी मंडळी विचारणारच, "अरे, त्याचा आपल्याशी संबंध काय?" उत्तर शेजारच्या कोल्हापुरातच आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या ग्रीक सागरदेवाची ब्राँझमूर्ती मिळाली. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ साली तेथे उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली.

मूर्ती वीतभरही नाही. हातातला त्रिशूळ केव्हाच हरवला आहे. तरीही एका पायावर भार टाकून उभे राहण्यातली ऐट हरवलेली नाही. तिच्याशेजारी ब्रह्मपुरीचाच स्वारांसह असलेला ब्राँझचा हत्ती पाहावा. पहिल्यात एकट्या देहाचा डौल आहे, तर दुसऱ्यात दाटीवाटीने बसलेल्या माणसांची मौज. 'रोमन व्यापाराचा पुरावा' एवढे म्हणून पुढे गेलो, की हा भेद नजरेतून निसटतो. व्यापार वस्तू कोठून आली ते सांगतो; ती सुंदर का, हे सांगत नाही.

पाँपेईत १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती आपल्या तेरला मिळाली आहे. पाँपेईची ती मूर्ती समजायला तिकडच्या अभ्यासकाला आपली शिल्पे पाहावी लागतात. मग आपला सागरदेव समजायला आपण ग्रीस का पाहू नये? कोल्हापूर, सांगली, सातारा यांचे विद्यापीठ १९६२ पासून याच गावात आहे आणि संग्रहालयही. त्या मुलाला घरच्यांनी खुशाल जाऊ द्यावे. तो परका होणार नाही. घरचेच नीट पाहायला शिकेल.